लग्नाचे बुके घरी आणि कमी खर्चात: नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरी बुके केल्याने खरंच पैसे वाचतात का?

वाचतात, पण त्यासाठी स्वस्त फूल घ्यावं लागत नाही. योग्य प्रतीचं फूल घेतलं की झालं. पॉलीहाऊसच्या गुलाबाचा भाव दोन गोष्टींवर ठरतो: देठाची लांबी आणि कळीचा आकार. ४०, ५०, ६० सेंटिमीटर अशी प्रतवारी होते आणि लांब देठाला जास्त पैसे पडतात. हातात धरायचा बुके मात्र वरपासून खालपर्यंत ३० सेंटिमीटरच्या आतबाहेर असतो. ६० सेंटिमीटरचा गुलाब आणला तर निम्मा देठ पैसे देऊन विकत घ्यायचा आणि घरी येऊन कापून टाकायचा, एवढंच होतं. म्हणून आखूड देठाचा माल मागा. लांब देठ स्टेजवरच्या फुलदाण्यांना लागतो, हातातल्या बुकेला नाही.

दुसरी बचत फूल किती उमललंय त्यात आहे. व्यापाऱ्याला घट्ट कळी हवी असते, कारण त्याला ती लांब पाठवायची असते. तुम्हाला फूल उद्याच लागणार असतं. त्यामुळे अर्धवट उमललेला गुलाब बाजूला टाकलेला दिसला तर त्याचा भाव विचाराच. लग्नाच्या आदल्या दिवशी तोच जास्त उपयोगाचा, कारण मोठा दिसतो आणि कमी फुलांत बुके भरतो.

फुलं नाशिकमध्ये कुठून घ्यायची?

हारांची सुटी फुलं, निशिगंध, शेवंती, झेंडू, मोगरा यांसाठी गोदाकाठच्या फुलबाजारात पहाटे जा. उन्हं वर आली की ताजा माल संपतो आणि उरलेला पाण्याचे हबके मारून ताजा दाखवलेला असतो. डच गुलाब, जरबेरा, कार्नेशन यांच्यासाठी दिंडोरी तालुक्याकडे पाहा. मोहाडी, जानोरी हा पट्टा पॉलीहाऊसच्या गुलाबासाठी ओळखला जातो. ओळखीतून थेट शेतावरून तीन-चार जुड्या मिळत असतील तर सर्वांत ताजं फूल तिथलंच. फक्त चार दिवस आधी रंग आणि जुड्यांची संख्या सांगून ठेवा. काढणी सकाळी लवकर होते, दुपारी जाऊन उभं राहण्यात अर्थ नाही.

रिबन, फुलांची हिरवी टेप, मोत्याच्या टाचण्या आणि तार यांसाठी मेन रोड आणि कानडे मारुती लेनचा परिसर पुरेसा आहे. हे सामान महिनाभर आधी आणून ठेवलं तरी चालतं, आणि आणूनच ठेवा.

एकूण किती फुलं लागतील?

नेहमीचं गणित असं: नवरीचा एक बुके, दोन करवल्यांचे छोटे बुके, आणि नवरदेव, दोन्हीकडचे वडील, मामा, भाऊ मिळून कोटाला किंवा शेरवानीला लावायची १० फुलं.

नवरीच्या बुकेला २० गुलाब. करवलीच्या प्रत्येक बुकेला ७, म्हणजे १४. वर १० सुटी. बेरीज ४४. गुलाबाची जुडी २० फुलांची असते, म्हणून ३ जुड्या घ्या. १६ फुलं जास्त वाटतील, पण प्रत्येक जुडीत दोन-तीन फुलं मान मोडलेली किंवा पाकळीवर डाग असलेली निघतातच. तार गुंफताना एखादं तुटतं. उरलेल्या चांगल्या फुलांच्या पाकळ्या औक्षणाच्या ताटात जातात.

सोबत जिप्सोच्या (जिप्सोफिला, बुके भरायची बारीक पांढरी फुलं) २ जुड्या आणि १५ ते २० पानांच्या काड्या. जिप्सो भरगच्च असेल तर एकीतच भागतं. रंग दोनच ठेवा. तीन-चार रंग घेतले की प्रत्येक रंगाची अख्खी जुडी घ्यावी लागते आणि निम्मी फुलं उरतात.

गुलाबाऐवजी काय स्वस्त पडेल?

देठाची शेवंती. पांढरी शेवंती आणि हिरवी पानं एवढ्यावर सुंदर बुके होतो. फूल दणकट असतं आणि हाताळणी सहन करतं. तिची पानं मात्र फुलाच्या आधी मरगळतात, म्हणून बांधण्यापूर्वी सगळी काढून टाका.

कार्नेशन महाग वाटलं तरी एक फूल गुलाबापेक्षा जास्त दिवस टिकतं, त्यामुळे दोन दिवस आधी बांधायचं असेल तर हेच निवडा. जरबेरा दिसायला मोठा, ८ ते १० फुलांत बुके भरतो, पण त्याचा देठ पोकळ आणि लवलवीत असतो. देठाला आधार दिल्याशिवाय हातात धरायच्या बुकेत वापरू नका. निशिगंधाच्या काड्यांचा उभा बुके सुवासिक होतो. खालच्या कळ्या आधी उमलतात आणि आधी सुकतात, त्या खुडत राहा. झेंडू हळदीच्या दिवसासाठी उत्तम. पण डोकं जड आणि मान नाजूक, त्यामुळे प्रत्येक फुलाच्या बुडातून तार घालावी लागते.

फुलं कधी आणायची?

हे ऋतूवर ठरतं आणि नाशिकमध्ये यात फार फरक पडतो.

एप्रिल-मेमध्ये गुलाब घरात आणल्यावर काही तासांत उमलायला लागतो. आदल्या दिवशी पहाटे आणा, त्याआधी नको. डिसेंबर-जानेवारीत उलटं होतं. निफाडकडे पारा एक आकडी झाला की आपल्याकडेही पहाटे बोटं गारठतात, आणि आदल्या दिवशी आणलेली कळी मुहूर्तापर्यंत कळीच राहते. बुके मग लहान आणि आकसलेला दिसतो. थंडीत दोन दिवस आधी आणा. कळ्या उघडत नसतील तर देठ नव्याने कापून कोमट पाण्यात, घरातल्या उबदार खोलीत दोन-तीन तास ठेवा.

पावसाळी हवेत आणलेल्या गुलाबाच्या पाकळ्यांवर बारीक तपकिरी ठिपके तपासा. ती बुरशी असते, ओलाव्यात रात्रीतून पसरते. ठिपके असलेली जुडी अर्ध्या भावात मिळाली तरी घेऊ नका.

भावाच्या दृष्टीने फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा गुलाबासाठी वाईट, कारण व्हॅलेंटाइन डेसाठी माल बाहेर जातो. मार्गशीर्षातल्या गुरुवारांच्या आदल्या दिवशी शेवंती, वेण्या, सुटी फुलं चढतात. लग्न शुक्रवारी असेल तर तुमची दोन दिवस आधीची खरेदी नेमकी त्या गर्दीत येते, म्हणून शुक्रवारच्या लग्नात कार्नेशनवर भर द्या. अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त असेल तर आगाऊ पैसे देऊन माल बांधून घ्या.

ताजं फूल ओळखायचं कसं?

कळीच्या खालचा फुगीर भाग दोन बोटांत हलकेच दाबा. टणक लागला तर ताजं, स्पंजासारखा दबला तर जुनं. बाहेरची एखादी पाकळी काळपट किंवा हिरवट असेल तर घाबरू नका, ती आतल्या पाकळ्यांचं रक्षण करणारी असते आणि ती काढून टाकायचीच असते. देठाचं कापलेलं टोक पाहा. काळं आणि बुळबुळीत असेल तर फूल कित्येक तास घाण पाण्यात उभं आहे.

कळीवर जाळीची टोपी असेल तर बुके बांधायच्या वेळीच काढा. आधी काढली की पाकळ्या गाडीतच मोडतात.

आणल्यावर लगेच बांधायला बसावं का?

अजिबात नाही. बहुतेक घरगुती बुके इथेच बिघडतात. बाजारातून आलेलं फूल तहानलेलं असतं. तसंच बांधलं तर दोन तासांत माना टाकतं, आणि मग दोष फुलाला दिला जातो.

असं करा. बादल्या आधी साबणाने घासून धुवा. भांड्यात जंतू वाढले की ते देठाच्या नळ्या बुजवतात आणि पाणी वर चढत नाही. देठाची खालची दोन-तृतीयांश पानं आणि काटे काढा. काटे सुरीने खरवडू नका, साल सोलली जाते. बोटाने बाजूला दाबले की निघतात. मग देठाचं टोक पाण्यात बुडवून, पाण्यातच, दीड ते दोन सेंटिमीटर तिरकं कापा. हवेत कापलं तर नळीत हवेचा बुडबुडा शिरतो आणि गुलाबाची मान वाकण्याचं ते एक कारण आहे. स्वयंपाकघरातली बोथट कात्री देठ चिरडते. धारदार सुरी किंवा सिकेटर (झाडं छाटायची कात्री) घ्या.

आता गुलाब बादलीत निम्म्या देठापर्यंत पाण्यात, सावलीच्या थंड खोलीत किमान ३ ते ४ तास. पंखा लावू नका, वाऱ्याने पाकळ्या सुकतात. जरबेरा वेगळ्या बादलीत आणि फक्त ४ ते ५ सेंटिमीटर पाण्यात ठेवा, त्याचा लवदार देठ खोल पाण्यात कुजतो. कार्नेशन कापताना देठावरच्या गाठीवर कापू नका, दोन गाठींच्या मध्ये कापा.

पाण्यात साखर घालायची की ॲस्पिरिन?

नुसती साखर घालू नका. ती फुलाला मिळते तशी जंतूंनाही मिळते आणि पाणी दुसऱ्या दिवशी गढूळ होतं. १ लिटर पाण्यात १ छोटा चमचा साखर, २ छोटे चमचे लिंबाचा रस आणि पाव छोटा चमचा कपड्यांचं ब्लीच हे प्रमाण चालतं. लिंबू आणि ब्लीच एकमेकांवर थेट ओतायचे नाहीत, त्यातून घातक वायू निघतो. आधी ब्लीच पूर्ण पाण्यात ढवळा, मग रस घाला, खिडकी उघडी ठेवा. फूलवाल्याकडे पुडी मिळाली तर तीच बरी. ॲस्पिरिनची गरज नाही.

बुके प्रत्यक्ष बांधायचा कसा?

सगळं फिरकीच्या रचनेवर, म्हणजे सगळे देठ एकाच दिशेने तिरके लावण्यावर, अवलंबून आहे. ती जमली की बुके गोल होतो आणि देठ खाली पंख्यासारखे सुटतात. जमली नाही तर मुठीत धरलेल्या झाडूसारखा दिसतो.

१. सर्वांत चांगला गुलाब डाव्या हातात सरळ धरा, फुलापासून साधारण १५ ते १८ सेंटिमीटर खाली. अंगठा आणि तर्जनीची ती जागा शेवटपर्यंत बदलायची नाही, बांधणी तिथेच होणार आहे.

२. दुसरं फूल समोरून तिरकं लावा: फुलाचं डोकं डावीकडे, देठाचं टोक उजवीकडे. पुढचं प्रत्येक फूल, पान, जिप्सोची काडी याच दिशेने. एकही काडी उलट गेली की देठ एकमेकांत अडकतात आणि मोडतात.

३. दर तीन-चार फुलांनंतर बुके हातातल्या हातात एकाच दिशेने थोडा फिरवा.

४. मधलं फूल सर्वांत उंच. बाहेरच्या प्रत्येक रांगेत फुलं अर्धं बोट खाली आणा, म्हणजे घुमट तयार होतो. आरशासमोर उभं राहून करा. वरून पाहताना जे बरं दिसतं ते समोरून, म्हणजे फोटोत, वेगळंच दिसतं.

५. जिप्सो आधी छोट्या काड्यांत मोकळा करून घ्या आणि गुलाबांच्या मध्ये भरा. अख्खी फांदी घुसवली की गुलाब झाकले जातात.

६. पकड सैल न करता रबरबँड एका देठात अडकवा, सगळ्यांभोवती तीन-चार वेढे द्या आणि दुसऱ्या देठात अडकवा. दोरा ओढून बांधण्यापेक्षा हे सोपं, आणि देठ कापले जात नाहीत.

७. त्यावर हिरवी टेप ४ ते ५ सेंटिमीटर रुंदीत गुंडाळा. ही टेप ताणल्याशिवाय चिकटत नाही. 'टेप खराब निघाली' अशी तक्रार येते तेव्हा ती न ताणता गुंडाळलेली असते.

८. देठ एका पातळीत कापा. रिबन आत्ता लावू नका. बुके पुन्हा पाण्यात ठेवा.

रिबन निघायच्या तासभर आधी. देठ कोरड्या फडक्याने नीट पुसा, १ इंच रुंदीची सॅटिन रिबन दीड मीटर घ्या, वरून खाली आणि परत वर गुंडाळा, टोक दुमडून दोन मोत्याच्या टाचण्या वरच्या दिशेने तिरक्या खुपसा. सरळ खुपसलेली टाचणी पलीकडून निघते आणि नवरीच्या तळहातात जाते. खालचे २ ते ३ सेंटिमीटर देठ उघडे सोडा, म्हणजे बुके मध्ये मध्ये ग्लासात उभा करता येतो.

पहिल्या बुकेला तास-दीड तास धरा. आठवडाभर आधी स्वस्त शेवंतीच्या एका जुडीवर सराव करा. लग्नघरात आदल्या रात्री पहिल्यांदाच हात घालू नका.

रात्रभर फ्रिजमध्ये ठेवू का?

फ्रिज रिकामा असेल तरच. पिकलेली फळं इथिलीन नावाचा वायू सोडतात, त्याने कार्नेशन मिटतात आणि गुलाब लवकर गळतात. लग्नघराच्या फ्रिजमध्ये केळी, चिकू असतात, मेमध्ये खोलीत आंब्याच्या पेट्या असतात, रुखवतात फळांची परडी असते. फुलं या सगळ्यांपासून दूर, दुसऱ्या खोलीत ठेवा. फ्रिज वापरलाच तर थंडावा सर्वांत कमी ठेवा आणि फुलं मागच्या भिंतीला टेकू देऊ नका, पाकळ्या गोठून काचेसारख्या होतात. ऑर्किड आणि अँथुरियम फ्रिजमध्ये नकोतच, थंडीने काळे पडतात.

फ्रिज नसेल तर फरशीवर, घरातल्या सर्वांत थंड कोपऱ्यात, पाण्याच्या भांड्यात बुके ठेवा आणि वरून ओलं मलमल फुलांना न टेकता तंबूसारखं धरा. नाशिकच्या रात्री मेमध्येही दुपारपेक्षा बऱ्याच उतरतात, एवढं पुरतं.

पैठणीवर डाग पडतील का?

पडू शकतात, आणि येवल्याच्या पैठणीपुढे बुकेची किंमत काहीच नाही. तीन गोष्टी टाळा. रंगवलेला जिप्सो आणि रंगवलेला निशिगंध: निळा, जांभळा रंग ओलाव्याने उतरतो. मोठ्या सुवासिक लिलीचे परागकोश: फूल उघडताच चिमटीने खुडून टाका. पराग पडलाच तर हाताने झटकू नका, पाणी लावू नका, चिकटपट्टी अलगद टेकवून उचला. आणि ओले देठ: रेशमावर पाण्याचाही डाग राहतो, म्हणून पुसण्याचा टप्पा घाईत गाळू नका.

अंगणातली पानं चालतील का?

चालतील, आणि पानांवरचा जवळजवळ सगळा खर्च वाचतो. कुंती, अरेका पाम, फर्न, शतावरी चांगली. शतावरीला काटे असतात, मुठीच्या भागातले काढा. मरव्याच्या दोन-चार काड्या मधोमध घातल्या तर वास दरवळतो. कण्हेर आणि रुई वापरू नका, दोन्ही विषारी आणि चिकाची. क्रोटनच्या रसाचे कपड्यांवर डाग पडतात. बोगनवेल दिसते छान, पण हातात धरल्यावर गळते. पानं आदल्या संध्याकाळी कापा, धुवा आणि रात्रभर पाण्यात ठेवा.

हंगामात द्राक्षाचा छोटा घड बुकेत घालायची हौस असते. जड होतो, मणी फुटला तर रस साडीवर येतो. तो रुखवताच्या मांडणीत शोभतो.

कोटावरचं फूल दोन तासांत का मान टाकतं?

कारण त्याला पाणी नसतं. देठ ४ सेंटिमीटर ठेवा, टोकाला भिजवलेल्या कापसाचा मुगाएवढा बोळा, त्यावर प्लॅस्टिकचा छोटा तुकडा आणि मग हिरवी टेप. मागे एक पान, बाजूला जिप्सोची एक काडी. घट्ट कळी घ्या, उमललेला गुलाब आलिंगनांत चुरगळतो.

वरमालाही घरीच कराव्यात का?

निशिगंधाच्या साध्या एकेरी माळा आणि मध्ये गुलाबाचं पदक, इथपर्यंत जमतं. चार जणी, दोन लांब सुया आणि भिजवलेल्या केळीच्या सोपटाचा किंवा जाड सुती दोऱ्याचा ताणा हवा. किती फुलं लागतील ते असं काढा: ५० ग्रॅम फुलं ओवून किती लांबी झाली ते मोजा आणि त्यावरून पूर्ण हाराचं वजन ठरवा. पाकळ्यांचे दुपदरी भरगच्च हार हारवाल्याकडूनच घ्या. त्यात कौशल्यापेक्षा तासन्‌तासांची मजुरी आहे आणि लग्नाच्या आदल्या रात्री ती घरच्यांना परवडत नाही.

अंतरपाटाच्या वेळी हातात हार असतात. बुके लागतो तो स्वागत समारंभाला. गोरज मुहूर्त असेल तर तोवर बुके पाण्यातच राहू द्या.

मे महिन्यात लॉन्सपर्यंत न्यायचा कसा?

बादलीत तळाला ५ सेंटिमीटर पाणी, बुकेंच्या मध्ये चुरगळलेले वर्तमानपत्राचे बोळे, बादली गाडीत पायांजवळ. डिकीत नाही आणि समोरच्या काचेखाली तर नाहीच. कार्यालय लांब असेल तर थर्माकोलच्या खोक्यात बर्फाच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून, फुलांना न चिकटवता ठेवा.

गुलाबाने मान टाकलीच तर?

देठ पाण्यात पुन्हा २ सेंटिमीटर कापा. वर्तमानपत्रात मान सरळ राहील असं घट्ट गुंडाळा आणि कोमट पाण्यात गळ्यापर्यंत तास-दीड तास उभा करा. बहुतेक फुलं सावरतात. कळीखालचा भाग मऊच पडला असेल तर वेळ घालवू नका, राखीव फूल घ्या.

नंतर बुकेचं काय करायचं?

ठेवायचा असेल तर त्याच रात्री रिबन काढा, बुके सैल करा आणि अंधाऱ्या, हवेशीर जागी उलटा टांगा. दोन-तीन आठवड्यांत वाळतो. लाल गुलाब वाळल्यावर काळपट होतो, जिप्सो मात्र जसाच्या तसा राहतो. ठेवायचा नसेल तर तार, टेप, टाचण्या आणि रिबन वेगळी करून फुलं घरच्या खतात किंवा निर्माल्य कलशात टाका, गोदावरीत नको. टाचण्या मोजून डबीत ठेवा, पुढच्या लग्नाला उपयोगी पडतात.